ओरखडा न पडणारी काच आणि न फुटणारी काच

बाजाराच्या दिवशी दर्यापूरला किंवा वणीला चष्मा करायला गेलं, की दुकानदार सांगतो, ‘ही फुटत नाही.’ गिऱ्हाईक त्यातच ‘ओरखडेही पडणार नाहीत’ हे धरून घेतं. हे दोन गुण वेगळे आहेत, आणि एक वाढला की दुसरा बहुधा कमी होतो.

जुन्या खऱ्या काचेचा पृष्ठभाग कडक असतो, त्यामुळे तिच्यावर सहज चरा उमटत नाही. पण ती फारशी वाकत नाही, म्हणून फरशीवर पडली की तुकडे होतात. ‘न फुटणारी’ म्हणून विकतात ते पॉलिकार्बोनेट, एक चिवट प्लास्टिक, नेमकं उलटं. धक्का बसला तर ते किंचित दबून जोर पसरवतं. हेल्मेटच्या पुढच्या काचा आणि पोलिसांच्या पारदर्शक ढाली त्याच्याच असतात. मात्र ते इतकं मऊ, की वर हार्ड कोटिंग, म्हणजे कडक पातळ थर, द्यावंच लागतं. साधी ‘फायबर’ची काच, म्हणजे बहुधा सीआर-३९ नावाचं प्लास्टिक, या दोघांच्या मधली: वजनाला काचेच्या जवळपास निम्मी, ओरखड्यांना पॉलिकार्बोनेटपेक्षा बरी, धक्क्याला कमी.

हार्ड कोटिंग असतं मोजक्या मायक्रॉनचं (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). वावरातल्या धुळीत गारेचे, म्हणजे क्वार्ट्झ या कडक दगडाचे, बारीक कण असतात; कडकपणाच्या मोहस मापावर गार ७, खिडकीची काच साधारण ५.५. म्हणजे कोरड्या दुपट्ट्यानं चष्मा पुसला तर खऱ्या काचेवरही चरे येतात, कोटिंगचं तर विचारूच नका. आधी पाण्यानं धूळ वाहून जाऊ द्या, मगच मऊ कापड लावा. एवढ्यानंच बहुतेक चष्मे वाचतात.

उन्हाळ्यात आणखी एक घोळ होतो. पारा ४५च्या वर असताना चष्मा ट्रॅक्टरच्या बोनेटवर राहिला, की आतलं प्लास्टिक कोटिंगपेक्षा जास्त फुगतं आणि कोटिंगला केसासारख्या बारीक भेगा जातात. लोक त्यांना ओरखडेच समजतात. त्या पॉलिश करून जात नाहीत, काचच बदलावी लागते.

शाळकरी पोरांना आणि थ्रेशरजवळ काम करणाऱ्यांना माझ्या मते पॉलिकार्बोनेटच द्यावं, चरे पडले तरी चालतील. डोळा परत मिळत नाही. तूर-सोयाबीनच्या मळणीत मात्र तेवढ्यावर भागत नाही, कारण चष्म्याच्या बाजू उघड्या असतात. तिथं वरून बंद गॉगल हवाच. घरी बसून पोथी वाचणाऱ्या आजीला हार्ड कोटिंगची सीआर-३९ पुरते. दुकानात काच कशाची आहे आणि कोटिंग दोन्ही बाजूंनी आहे का, हे दोन्ही वेगवेगळं विचारा.