मानदुखी

मानदुखी : कवटीच्या बुडापासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात होणारी वेदना, ओढ किंवा आखडलेपणा. कोकण किनारपट्टीवर तिला नावे बरीच आहेत. रात्रीत आली तर ‘मान धरली’, उशीवरून आली तर ‘मान अवघडली’, ओझ्याखाली आली तर ‘मान लचकली’, आणि डॉक्टरांनी फोटो काढला की तीच मान एकदम ‘स्पाँडिलायटिस’ होते. ‘मान धरली हा, वळवूक गावणा नाय’ या मालवणी वाक्यात रोगाचे वर्णन जवळजवळ पूर्ण होते, कारण धरलेल्या मानेत दुखण्यापेक्षा न वळणे हाच मोठा जाच असतो. २०२० साली जगभरात सुमारे २० कोटी ३० लाख लोकांना मानदुखी होती असा अंदाज आहे. बायकांत ती अधिक आढळते, आणि वयाच्या ४५ ते ७४ या टप्प्यात सर्वांत जास्त.

मानेची घडण

मानेत सात मणके असतात. सर्वांत वरचा मणका कवटी पेलतो. दुसऱ्या मणक्यातून वर एक खुंटी आलेली असते आणि तिच्याभोवती पहिला मणका फिरतो, जात्याचा वरचा दगड मधल्या खिळ्याभोवती फिरतो तसा. मान डावी-उजवीकडे जेवढी वळते, त्यातले जवळजवळ निम्मे वळण या एकाच सांध्यात होते. या दोघांमध्ये चकती नसते. खालच्या मणक्यांमध्ये असते. मणक्यांच्या बाजूच्या फटींतून नसांच्या आठ जोड्या बाहेर पडतात आणि त्यांतल्या खालच्या जोड्या खांदा, हात आणि बोटांपर्यंत जातात. म्हणूनच बिघाड मानेत असतो आणि मुंग्या अंगठ्यात येतात.

डोक्याचे वजन साडेचार-पाच किलो, म्हणजे सोललेले सात-आठ नारळ. मान सरळ असेल तर हे ओझे हाडांवर तोललेले राहते. डोके पुढे झुकले की ते मागच्या स्नायूंना ओढून धरावे लागते. कळशी कमरेवर घेऊन घाटी चढता येते, तीच हात लांब करून धरली तर मिनिटभरात हात थरथरतो. झुकलेल्या मानेचे गणित असेच आहे. डोके ६० अंशांत झुकवले तर मानेवर सुमारे २७ किलोचा भार येतो, असा हिशेब २०१४ साली मांडला गेला आणि मोबाइलची भीती घालण्यासाठी तो आजही फिरत असतो. तो प्रतिमानावरून काढलेला आकडा आहे, जिवंत मानेत मोजलेला नव्हे. दिशा बरोबर आहे, पण २७ किलो ऐकून कोणी घाबरून जाण्याचे कारण नाही.

कामे, हंगाम आणि मान

कोकणात मानेवर येणारा ताण हंगामाप्रमाणे बदलतो. बारमाही आहे ते डोक्यावरचे ओझे : मासळीची पाटी, उन्हाळ्यात दूरच्या विहिरीवरून आणलेले हंडे, गवताचा भारा, फाट्यांची मोळी, चिरेखाणीवर तीसेक किलोचा एकेक चिरा. हे ओझे वाहण्याची कला पाहण्यासारखी आहे. जुन्या लुगड्याचा तुकडा पिळून, गोल वळवून चुंबळ होते. ती माथ्यावर नेमकी बसवली की वजन टाळूवरच्या एका बिंदूवर न येता कड्याभर पसरते आणि पाटी डगमगत नाही. नवखी बाई पाटी हातांनी धरते. मुरलेली हात मोकळे सोडून चालते. मात्र तिच्याकडे नीट पाहिले तर कळते की ती मान वळवतच नाही. मागून कोणी हाक मारली तर ती खांद्यांसकट, कमरेसकट अख्खी वळते. पाटी उचलताना ती दुसरीला सांगते, ‘वायच हात लाव गो’. हा शेजारधर्म तर आहेच, पण मानेचे रक्षणही आहे. जमिनीवरून एकटीने झटक्यात उचललेले ओझे मानेला जेवढे महाग पडते, तेवढे डोक्यावर आल्यानंतरचे अर्धा कोस चालणे पडत नाही.

याचा अर्थ डोक्यावरचे ओझे निरुपद्रवी आहे असा नव्हे. घानात डोक्यावरून ओझी वाहणाऱ्यांची तपासणी झाली, तेव्हा न वाहणाऱ्यांपेक्षा त्यांच्या मानेच्या मणक्यांत झीज पुष्कळच जास्त दिसली. ‘आमच्या आज्यांना कुठे होती मानदुखी’ हे वाक्य गावोगावी ऐकू येते. आज्यांना होती. त्या निगडीचा (निर्गुंडीचा) पाला बांधून पुन्हा पाण्याला जात, एवढेच.

पावसात लावणीचे दिवस. माणूस कमरेत वाकलेला असतो आणि रोपांची ओळ पाहायला मान मात्र वर उचललेली असते. पाठीवर इरले किंवा प्लास्टिकची खोळ. भाद्रपद जवळ आला की ताण गणपतीच्या शाळेत येतो. गावातली मूर्तिशाळा ती ‘शाळा’. शेवटच्या आठवड्यात रंग वाळतात, मग आखणी : डोळे, भुवया, गंध. एका डोळ्याची आखणी करताना कारागीर श्वास रोखतो, मान पुढे काढतो आणि तशीच ठेवतो. मूर्ती फिरवायची तर ओली, म्हणून तिच्याभोवती स्वतःच वेडावाकडा होतो. चतुर्थीच्या आदल्या पहाटे शाळेतल्या निम्म्या माणसांच्या माना एका बाजूला कललेल्या असतात. ओझे म्हणावे तर हातात एक कुंचला.

मानदुखीचे मर्म याच उदाहरणात आहे. मान वजनापेक्षा खोळंब्याला जास्त कंटाळते. काजूच्या कारखान्यात तासन्‌तास गर सोलणाऱ्या बायका, बंदरावर फाटलेली जाळी तुणणारे म्हातारे, गावी येऊन जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडणारा चाकरमानी, या सगळ्यांचे दुखणे एकच. जाळे तुणणाऱ्याच्या डोळ्यांवर दोन नंबरांचा चष्मा असेल तर खालच्या काचेतून पाहायला तो हनुवटी वर करतो आणि मान मागे मोडते. अशा माणसाचे दुखणे कधी कधी जवळच्या कामाचा वेगळा चष्मा केल्यावरच कमी होते.

आंबा उतरवण्याचा हंगाम, मार्च ते मे, याच्या उलट वळणाचा. झेल्याची काठी हातात, नजर फांदीत, मान सकाळभर मागे. मान मागे गेली की नसांच्या बाहेर पडण्याच्या फटी अरुंद होतात. तरण्या माणसाला त्याचे काही वाटत नाही; पन्नाशी ओलांडलेल्याला दुपारी हातात मुंग्या जाणवतात. सुश्रुतसंहितेत मन्यास्तंभाची, म्हणजे मान ताठरण्याची, कारणे सांगताना दिवसाची झोप आणि वेडेवाकडे बसणे यांबरोबर वर पाहत राहणेही धरले आहे. हापूसच्या बागेत हे निरीक्षण आजही पटते.

उरला प्रवास. मुंबईहून सावंतवाडीपर्यंतचा पाचशे किलोमीटरच्या घरातला रस्ता, खिडकीची जागा, डुलकी आणि लोंबकळती मान. कणकवलीला उतरेपर्यंत मान धरलेली असते आणि दोष मात्र ‘वारा लागला’ म्हणून खिडकीला दिला जातो.

झीज आणि फोटो

चाळिशीनंतर मणक्यांमधल्या चकत्यांतले पाणी कमी होते, त्या चपट्या होतात आणि मणक्यांच्या कडांना हाडाची टोके वाढतात. याला स्पाँडिलोसिस म्हणतात. बोलण्यातला ‘स्पाँडिलायटिस’ म्हणजे खरे तर सूज आणणारा वेगळा आजार, पण शब्द रूढ झाला आहे. त्याहून मोठा घोटाळा फोटोचा आहे. जपानमध्ये कोणतीही तक्रार नसलेल्या १२११ जणांच्या मानेचा एमआरआय काढला गेला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्यांतल्या ८७.६ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या, विशीतल्या पोरांसकट. म्हणजे फोटोतली झीज बहुधा केसांच्या पांढरेपणासारखी असते. तरीही ‘चौथ्या-पाचव्यात गॅप आहे’ हे ऐकून आलेला माणूस मान हलवायला घाबरतो, हलवत नाही म्हणून ती आखडते, आणि आखडते म्हणून त्याची खात्री पटते. एमआरआयसाठी सिंधुदुर्गातली माणसे गोव्यातल्या बांबोळीला आणि रत्नागिरीतली कोल्हापूरला फेऱ्या मारतात. साध्या मानदुखीत या फेरीतून हाती फार थोडे लागते.

नस दबली असेल तर गोष्ट वेगळी. मग वेदना मानेतून खांद्यावरून हातात उतरते, वीज गेल्यासारखी. अंगठ्याकडे बधिरपणा असेल तर बहुधा सहावी नस, मधल्या बोटात असेल तर सातवी, करंगळीत असेल तर आठवी. सातवी सर्वांत जास्त वेळा सापडते. अशा रुग्णाला दुखरा हात डोक्यावर ठेवला की बरे वाटते. ओपीडीच्या बाकावर डोक्यावर हात ठेवून बसलेला माणूस नेहमी चिंतेतच असतो असे नाही. यांतले बरेच जण शस्त्रक्रियेविना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतात.

उतारा

धरलेली मान दोन-चार दिवसांत सैल पडू लागते आणि काही आठवड्यांत बहुतेक दुखणी उतरतात. ती पुन्हा येण्याची शक्यता मात्र बरीच असते. पूर्वी पट्टा लावून पडून राहा असे सांगत. आता साध्या मानदुखीत पट्टा टाळतात किंवा फार तर थोडे दिवस देतात, कारण बांधून ठेवलेले स्नायू दुबळे होतात. दुखेल त्याच्या अलीकडेपर्यंत मान हलवत राहणे हा पहिला उपाय.

शेकाने आराम पडतो. निगडीचा पाला तव्यावर गरम करून बांधणे, जाड्या मिठाची पुरचुंडी तापवून फिरवणे, गरम पाण्याची पिशवी ठेवणे, या सगळ्यांचे मुख्य काम ऊब देणे. झोपलेल्या माणसाच्या मानेवर तापलेली पुरचुंडी ठेवू नये. भाजल्याच्या जखमा अशाच होतात. खोबरेल लावून हलक्या हाताने चोळण्यातही तोटा नाही. मान धरली की उशी उन्हात टाकावी असे घरोघरी सांगतात. उशी तापल्याने मान कशी सुटते हे कोणी सांगत नाही, पण सावरीच्या कापसाची दमट, गोळे झालेली उशी वाळून फुगते हे खरे, आणि जुलैत कोकणात ऊन मिळेपर्यंत मान आपोआप सुटलेली असते. पायाळू माणसाचा पाय लावण्याची रीत मुख्यतः उसण भरलेल्या पाठीसाठी. मानेला ती लावू नये. केस कापून झाल्यावर न्हाव्याकडून ‘कट’ करून मान मोडून घेणे तर सोडूनच द्यावे. मान अशी झटक्यात पिरगळल्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचे आतले अस्तर फाटल्याच्या आणि त्यातून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकात नोंदलेल्या आहेत. त्या विरळ आहेत, पण फायदाही घटकाभराचाच.

टिकाऊ उपाय म्हणजे व्यायाम. ताठ बसून, नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे ओढायची, गळ्याला जुळी हनुवटी दिसेल इतकी. पाच मोजायचे, सोडायचे, आणि असे दहादा. मग तळहात कपाळाला लावून डोक्याने हाताला रेटायचे, पण मान हलू द्यायची नाही. तसेच दोन्ही बाजूंनी आणि मागून. खांद्याचे फरे, म्हणजे पाठीतली चपटी हाडे, एकमेकांकडे ओढणे हा तिसरा. पहिल्या आठवड्यात फरक दिसत नाही आणि बहुतेक लोक तिथेच सोडतात. दीड-दोन महिने धरून केले तर फरक पडतो. आखणी करणाऱ्याने एका डोळ्यानंतर कुंचला खाली ठेवून दाराबाहेर जाऊन यावे, गर सोलणारीने दर अर्ध्या तासाने उठावे. कारखान्यात सोललेल्या किलोवर मजुरी असते तिथे हा सल्ला देणाऱ्याला सोपा आणि ऐकणाऱ्याला महाग आहे, हेही लक्षात घ्यावे लागते.

कुशीवर झोपणाऱ्याची उशी कान आणि गादी यांच्यातली जागा भरेल एवढी उंच हवी. पालथे झोपल्यास मान रात्रभर वळलेली राहते. वेदनाशामक गोळ्या थोडे दिवस चालतात, पण रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार किंवा पोटात व्रण असणाऱ्याने दुकानातून मागून त्या घेऊ नयेत.

थांबू नये अशी लक्षणे

बटण लागेना, जाळ्याची गाठ सुटेना, कोळंबी सोलताना बोटे चुकू लागली, चालताना पायातली चप्पल नकळत निसटली, लघवीवरचा ताबा गेला, तर मज्जारज्जूवर दाब येत असू शकतो. इथे वेदना अनेकदा थोडीच असते, त्यामुळेच उशीर होतो. हा दाब वाढत असेल तर शस्त्रक्रिया लागते.

तापासोबत मान ताठली आणि डोके ठणकू लागले तर मेंदूच्या आवरणाची सूज धरून चालावे. पावसाळ्यात शेतात चिखलात काम केलेल्या माणसाला असे झाले तर लेप्टोस्पायरोसिसचीही, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित चिखलपाण्यातून होणाऱ्या तापाचीही, शंका घ्यावी. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात ही सूज येऊ शकते. डॉक्टरला ‘लावणीला गेलो होतो’ हे आपणहून सांगावे. मान, जबडा आणि डावा हात एकदम भरून येऊन घाम फुटला तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो, तिथे शेक देत बसू नये.

माडावरून किंवा आंब्यावरून पडलेला माणूस ‘मान दुखते’ म्हणाला तर त्याला उठवून बसवू नये, पाणी पाजायला डोके उचलू नये, रिक्षात दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नये. एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोके आहे त्याच स्थितीत धरावे, दुसऱ्याने १०८ ला फोन करावा, आणि फळी व पट्टा घेऊन गाडी येईपर्यंत हात काढू नयेत.