अमेरिकेचं नवं-जुनं

मार्च लागला की आमच्या लातूरकडच्या गावांत सोसायटीच्या ओसरीवर एकच शब्द ऐकू येतो: नवं-जुनं. जुनं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरायचं आणि लगेच नवं उचलायचं. भरायला पैसे कुठून? दोन-चार दिवसांसाठी पाहुण्याकडून, नाहीतर आडत्याकडून. गटसचिव कागद पुढं सरकवतो, सही होते, खातं थकीत होण्यापासून वाचतं.

अमेरिकेचं सरकारही वर्षभर नवं-जुनंच करत असतं. मुदत संपलेले रोखे नवे रोखे विकून फेडायचे, शिवाय तुटीपुरती जादा उचल. फरक आहे तो मर्यादेत. आपल्याकडं सोयाबीनला किती, उसाला किती हे पेरणीआधी ठरतं. कर्ज कमी बसत असेल तर माणूस खर्चच बेतानं करतो. तिकडं मर्यादा आडवी येते ती खर्च ठरून गेल्यावर. त्यांची संसद, म्हणजे काँग्रेस, आधी खर्चाचे आणि करांचे कायदे करते. दोन्हींत पडणारी तूट कर्जानंच भरायची, हे तिथंच ठरून जातं. मग तीच काँग्रेस वेगळ्या कायद्यानं बजावते, एवढ्याच्या वर उचल नाही! किराणा घरी आला, भाकरी खाऊन झाली, आता दुकानदाराचे द्यायचे की नाही यावर घरात भांडण. म्हणून मर्यादा वाढवणं म्हणजे उधळपट्टीला परवाना, हे मला पटत नाही. उधळपट्टी झालीच असेल तर ती आधीच्या कायद्यांत.

गंमत म्हणजे १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धात, मर्यादेची ही पद्धत सुरू झाली ती दर कर्जाला काँग्रेसची वेगळी परवानगी न लागता सरकारला कर्ज काढणं सोपं जावं म्हणून. एकूण कर्जावरची मर्यादा १९३९ मध्ये आली, ४५ अब्ज डॉलरची. जुलै २०२५ मध्ये ती ४१.१ लाख कोटी डॉलरवर गेली.

आपल्या घटनेच्या कलम २९२ नुसार संसदेला केंद्राच्या कर्जावर मर्यादा घालता येते. पण २००३ च्या वित्तीय जबाबदारी कायद्यात ठरावीक रकमेची भिंत नाही. २०१८ च्या दुरुस्तीनं केंद्राचं कर्ज मार्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं होतं. ते आजही बरंच वर आहे, तरी त्यापायी कुणाचा पगार अडला नाही.

तिकडं मात्र अडू शकतं. १९७९ मध्ये मर्यादा वाढवायला उशीर झाला, त्यात अर्थखात्याची यंत्रं बिघडली आणि सुमारे १२ कोटी डॉलरच्या अल्पमुदतीच्या सरकारी रोख्यांचे पैसे काही दिवस उशिरा गेले. पुढं दोन अभ्यासकांनी हिशेब मांडला, तेव्हा त्या चुकीनंतर अमेरिकेच्या अल्पमुदतीच्या कर्जाचा व्याजदर सुमारे ०.६ टक्क्यानं चढल्याचं त्यांना दिसलं. २०११ मध्ये तर एकही हप्ता चुकला नाही, नुसतं भांडण शेवटच्या दिवसापर्यंत ताणलं गेलं. त्या एका वर्षात व्याजापोटी अंदाजे १३० कोटी डॉलर जादा गेले.

व्याजसवलतीचं गणित आपल्या सोसायटीतही तारखेवरच चालतं. म्हणून तर ३० मार्चला रात्री गटसचिवाचा फोन येतो, “मालक, उद्या या बरं का.”