बिनशेपटीचे बॉम्बर आणि १९४९ ची रद्द झालेली ऑर्डर

जर्मनीत १९३३ पासून शेपटी नसलेली, नुसत्या पंखाच्या आकाराची ग्लायडर उडत होती, पण हा आकार पूर्ण मापाच्या बॉम्बरमध्ये उतरला तो कॅलिफोर्नियात, नॉर्थ्रॉप कंपनीत. तिथे आधी एक-तृतीयांश मापाची एन-९एम ही चाचणी विमाने बनवली गेली. त्यातले पहिले मे १९४३ मध्ये कोसळले आणि वैमानिक दगावला. स्टॉलमध्ये, म्हणजे पंखाची उचल सुटते तेव्हा, एलेव्हॉनवर (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांवर) हवेचा दाब उलटा पडतो. नियंत्रणदांडा मागे येऊन वैमानिकाच्या अंगावर रुतला की हाताने पुढे जात नाही. नंतर दांडा पुढे रेटणारी हायड्रॉलिक सोय केली गेली.

पूर्ण मापाचे, प्रोपेलरवर चालणारे एक्सबी-३५ (१९४६) गिअरबॉक्सनेच दमले. १९४७ च्या वायबी-४९ मध्ये आठ जेट इंजिने आली आणि पल्ला जवळपास निम्म्यावर आला. प्रोपेलर आणि त्यांच्या दांड्यांवरची आवरणे नाकाची दिशा धरून ठेवायला हातभार लावत होती. ती गेल्यावर त्यांच्या जागी चार छोटे उभे पंख लावावे लागले.

या विमानाला सरसकट ‘अस्थिर’ म्हणतात, ते ढोबळ आहे. विमान हातातून निसटत नव्हते. नाक डावी-उजवीकडे हेलकावे आणि ते हेलकावे सावकाश विरत. प्रवासात हे चालून जाते, बॉम्ब टाकताना नाही. ऑटोपायलटला हेलकावे दाबणारी जोडणी दिल्यावर फरक पडला. उतरतानाचा त्रास वेगळाच: हवेचा रोध इतका कमी की विमान धावपट्टीवर तरंगत राही.

स्टॉल मात्र खरोखर भीतिदायक होता. तो करून पाहिलेल्या वैमानिकाच्या सांगण्यानुसार विमान मागे कोलांटी खाते. मुद्दाम स्टॉल करू नका, असा त्याचा सल्ला होता. ५ जून १९४८ रोजी दुसरे वायबी-४९ पडले, त्यात पाच जण गेले. पंखांचे बाहेरचे भाग हवेतच तुटले होते.

त्याच वर्षी अमेरिकी हवाईदलाकडून याच आकाराच्या ३० टेहळणी विमानांची ऑर्डर निघाली आणि १९४९ च्या सुरुवातीला रद्दही झाली. त्या वर्षीच्या संसदीय सुनावणीत कंपनीचा संस्थापक जॅक नॉर्थ्रॉप याने शपथेवर सांगितले की आपल्यावर कसलाही दबाव नव्हता. १९७९ मध्ये त्यानेच उलटे सांगितले: प्रतिस्पर्धी कंपनीत विलीन व्हायला नकार दिला म्हणून ऑर्डर गेली. तत्कालीन हवाईदल सचिवाने हे फेटाळले. दबाव आला असेलही. पण कोलांटी, हेलकावे आणि अर्धा झालेला पल्ला एवढ्यावरही ऑर्डर गेली असती, हे कटाच्या कथेत रमणारे विसरतात.

१९८९ मध्ये उडालेल्या बी-२ या बिनशेपटीच्या अमेरिकी बॉम्बरचा पंखविस्तारही वायबी-४९ एवढाच, १७२ फूट. फरक एवढाच की हेलकावे आता संगणक दाबतो, आणि संगणक सेन्सरवर विसंबतो. फेब्रुवारी २००८ मध्ये गुआम बेटावर एका बी-२ च्या २४ पैकी तीन सेन्सरांत ओल शिरली. संगणकाला वेग जास्त वाटला, त्याने नाक ३० अंश वर उचलले आणि विमान स्टॉल झाले. दोघे वैमानिक इजेक्ट झाले.

भारताच्या बिनशेपटी प्रात्यक्षिक विमानाने २०२३ च्या डिसेंबरमध्ये चित्रदुर्गजवळ उड्डाण केले, तेव्हा कॉकपिटच नव्हते.