इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकी तंत्रज्ञान : अमेरिकी कम्युनिटी कॉलेजांतील अभ्यासक्रम

अमेरिकेच्या कम्युनिटी कॉलेजांमध्ये, म्हणजे दोन वर्षांचे शिक्षण देणाऱ्या स्थानिक सार्वजनिक कॉलेजांमध्ये, शिकवला जाणारा दोन वर्षांचा व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम. तो पूर्ण केल्यावर बहुधा ‘असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स’ ही पदवी मिळते आणि सत्र पद्धतीच्या कॉलेजांत त्यासाठी सुमारे ६० ते ७० क्रेडिट (अभ्यासाचे श्रेयांक) लागतात. नवीन उपकरणाची मूळ रचना करणारा अभियंता आणि ते उपकरण प्रत्यक्ष जोडणारा कामगार यांच्या मधली जागा तंत्रज्ञाची असते. सर्किट उभे करणे, त्याचे मापन करणे, त्यातील दोष शोधणे आणि ते चालू ठेवणे हे त्याचे काम.

इलिनॉय राज्यात १९०१ साली सुरू झालेले जोलिएट ज्युनियर कॉलेज हे अशा सार्वजनिक कॉलेजांपैकी पहिले मानले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या जी. आय. कायद्याने शिक्षणाचा खर्च मिळू लागला, तर राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाच्या १९४७ च्या अहवालाने घराजवळच्या स्वस्त कॉलेजांचे जाळे विणण्याची शिफारस केली. पुढे अभियांत्रिकी शिक्षणावरील १९५५ च्या ग्रिंटर अहवालामुळे विद्यापीठांतील अभियांत्रिकी गणित आणि मूलभूत विज्ञानाकडे झुकली, कार्यशाळेतील तास कमी होत गेले आणि राहिलेली पोकळी अभियांत्रिकी तंत्रज्ञानाच्या स्वतंत्र अभ्यासक्रमांनी भरून काढली. १९९२ च्या एका कायद्यातून राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचा प्रगत तंत्रशिक्षण कार्यक्रम उभा राहिला. दोन वर्षांच्या कॉलेजांतील तंत्रशिक्षणाला तो आजही अनुदान देतो.

प्रवेश बहुतेक ठिकाणी खुला असतो, मात्र गणिताची तयारी आधी तपासली जाते. ती कमी पडल्यास बीजगणितापासून सुरुवात करावी लागते आणि दोन वर्षांचा अभ्यास तीन वर्षांवर जातो. नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गाला येणारे, सैन्यातून निवृत्त झालेले आणि नुकतेच शाळा संपवलेले असे सगळे एकाच बाकावर बसतात. विषयांचा क्रम बहुतेक ठरलेला आहे. आधी डीसी आणि एसी सर्किट, मग डायोड व ट्रान्झिस्टर, ऑप-अॅम्प (संकेत वाढवणारी चिप) आणि डिजिटल लॉजिक, त्यानंतर मायक्रोकंट्रोलर, पीएलसी (कारखान्यातील यंत्रे चालवणारा नियंत्रक संगणक) किंवा संदेशवहन. तांत्रिक अहवाललेखन सोबत चालू असते.

या शिक्षणाचा खरा कस प्रयोगशाळेत लागतो. विद्यार्थी ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डरिंगशिवाय जोडणी करण्याच्या पाटीवर, कॉमन-एमिटर अॅम्प्लिफायर हे एका ट्रान्झिस्टरचे संकेत वाढवणारे सर्किट बांधतो. ट्रान्झिस्टरला बेस, कलेक्टर आणि एमिटर अशी तीन टोके असतात. पुरवठा १२ व्होल्टचा असतो आणि गणितानुसार कलेक्टरवर सुमारे ६ व्होल्ट यायला हवेत. मल्टिमीटर तिथे पूर्ण १२ व्होल्ट दाखवत असेल, तर ट्रान्झिस्टरमधून प्रवाह वाहत नाही हे कळते आणि शोध बेसच्या बायसिंगकडे (ट्रान्झिस्टर चालू ठेवणाऱ्या स्थिर व्होल्टेजकडे) वळतो. तेच वाचन खाली उतरून एमिटरच्या व्होल्टेजला टेकले, तर ट्रान्झिस्टर संपृक्त (पूर्ण चालू) झाला आहे किंवा कलेक्टरचा रेझिस्टर तुटला आहे अशी शंका घेतली जाते. व्होल्टेजचा आलेख पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप हाताळण्याचीही शिस्त असते. टेबलावरच्या नेहमीच्या ऑसिलोस्कोपच्या प्रोबची ग्राउंड क्लिप आतून अर्थिंगला जोडलेली असते, त्यामुळे अर्थिंगशी संबंध असलेल्या सर्किटात ती भलत्या बिंदूला लावली की तो बिंदू थेट शॉर्ट होतो. सिम्युलेशनमध्ये सैल जोडणी नसते, जळलेला घटक नसतो, चुकीचा रंगपट्टा वाचलेला रेझिस्टरही नसतो; म्हणून संगणकावरच्या सरावाने प्रत्यक्ष बाकावरचे तास भरून निघत नाहीत, आणि कॉलेज निवडताना त्या तासांची विचारपूस आधी करावी.

पुढील शिक्षणाचा प्रश्न नाजूक आहे. विद्युत अभियांत्रिकीची चार वर्षांची पदवी कलनशास्त्र आणि कलनाधारित भौतिकशास्त्रावर उभी असते, तर तंत्रज्ञानाचे विषय बरेचसे बीजगणित व त्रिकोणमितीच्या आधारे शिकवले जातात. परिणामी इथले इलेक्ट्रॉनिक्सचे क्रेडिट त्या पदवीसाठी बरेचदा धरले जात नाहीत. अभियांत्रिकी तंत्रज्ञानाच्या पदवीला ते अधिक सहज चालतात, पण त्या पदवीधरांना व्यावसायिक अभियंत्याचा परवाना देताना काही राज्ये जादा अनुभव मागतात. ज्याला अभियंताच व्हायचे आहे, त्याने त्याच कॉलेजातील विद्यापीठ-स्थलांतराचा वेगळा मार्ग पहिल्या सत्रापासून धरणे शहाणपणाचे. अभ्यासक्रमाला ‘एबेट’ या अभियांत्रिकी व तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थेची मान्यता आहे का, हेही पाहावे, कारण सर्वच कॉलेजांकडे ती नसते.

पदवीधर चाचणी विभागात, वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीत, स्वयंचलित कारखान्यांत आणि सेमीकंडक्टर उद्योगात काम करतात. ओरेगनमध्ये पोर्टलंड कम्युनिटी कॉलेज आणि हिल्सबरो येथील इंटेलचे कारखाने एकाच महानगर परिसरात आहेत, त्यामुळे शिक्षण आणि नोकरी यांतले अंतर तिथे फार उरत नाही. देशातील चिपनिर्मितीला अनुदान देणाऱ्या २०२२ च्या चिप्स कायद्यानंतर चिपनिर्मितीसाठी लागणाऱ्या तंत्रज्ञांकडे देशभर लक्ष वळले.

महाराष्ट्रातील तंत्रनिकेतनाची पदविका हा याचा जवळचा नातेवाईक, तरी दोन्हींत फरक आहे. आपल्याकडे ती दहावीनंतर तीन वर्षांची असते, राज्याचे तंत्रशिक्षण मंडळ परीक्षा घेते आणि पदविकाधारकाला अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची वाट असते. अमेरिकी अभ्यासक्रम बारावीनंतरचा असून अशी राज्यभर एकसारखी वाट तिथे सर्वत्र नाही. भारतातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर तो शिकता येतो. मात्र असोसिएट पदवीनंतर त्या पातळीवर कामाची परवानगी जास्तीत जास्त १२ महिन्यांची मिळते आणि विज्ञान-तंत्रज्ञान शाखांसाठी असलेली २४ महिन्यांची वाढ बॅचलर किंवा त्यावरील पदवी असल्याशिवाय लागू होत नाही.