व्यायाम, आतडे-मेंदू अक्ष आणि स्वमग्नता

स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांच्या वर्तनात व्यायामाने पडणाऱ्या फरकाचा काही भाग आतड्यांतील सूक्ष्मजीवांमार्फत घडत असावा, असे मानणारी उपपत्ती. स्वमग्नतेचे पहिले वर्णन करणारे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांच्या १९४३ च्या लेखातही काही मुलांच्या खाण्याच्या तक्रारी नोंदलेल्या आहेत.

आतडे व मेंदू यांचा संपर्क व्हेगस मज्जातंतू (मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी नस), संप्रेरके व रोगप्रतिकार यंत्रणेद्वारे चालतो. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यांत तयार होते. ते मेंदूत थेट पोहोचत नाही, हे लोकप्रिय लेखनात बहुधा गाळले जाते. सहा आठवड्यांच्या व्यायामाने सडपातळ प्रौढांत आतड्यांतील जिवाणू बनवतात ते ब्युटिरेट हे मेदाम्ल वाढले व व्यायाम थांबल्यावर उतरले, असे २०१८ च्या एका अमेरिकी अभ्यासात आढळले. हे प्रौढ स्वमग्न नव्हते.

वाद कार्यकारणाचा आहे. गर्भावस्थेत मातेची प्रतिकारयंत्रणा चेतवून जन्मलेल्या उंदरांना २०१३ मध्ये बॅक्टेरॉइडिस फ्रॅजिलिस हा जिवाणू दिल्यावर त्यांच्या काही वर्तनांत सुधारणा दिसली. तशाच उंदरांना चाकावर धावू दिल्यावरही वर्तन सुधारले. मात्र २०१९ च्या त्या जपानी प्रयोगाने श्रेय मायक्रोग्लिया या मेंदूतील प्रतिकार-पेशींना दिले. त्याआधी १९८० च्या दशकात, काही मिनिटे धावल्यानंतर स्वमग्न मुलांच्या पुनरावर्ती हालचाली कमी झाल्याचे दिसले होते. इतक्या झटपट परिणामाला जिवाणूंचे स्पष्टीकरण लागू पडणे कठीण. २०२१ च्या ऑस्ट्रेलियन अभ्यासानुसार तर स्वमग्न व इतर मुलांच्या सूक्ष्मजीवांतील फरक मुख्यतः स्वमग्न मुलांच्या मोजक्याच पदार्थांच्या आहारामुळे पडतो. बिस्किट मोडलेले असले तर तोंड फिरवणाऱ्या, महिनोन्‌महिने दहीभातावर राहणाऱ्या मुलांच्या पालकांना हे मत पटण्यासारखे आहे. प्रस्तुत नोंदीचा कलही तिकडेच आहे. (स्वमग्नतेशी आतड्याचा व लशीचा संबंध जोडणारा १९९८ चा ‘लॅन्सेट’मधील लेख २०१० मध्ये मागे घेण्यात आला.)

व्यवहारात बद्धकोष्ठाचा मुद्दा अधिक साधा आहे. बोलता न येणारे मूल पोटदुखी चिडचिडीतून व्यक्त करते. पोट साफ झाले की ती चिडचिड पुष्कळदा निवळते.

नाशिकमध्ये अशा मुलांना नियमित धावण्यासाठी हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाचा (गोल्फ क्लब) जॉगिंग ट्रॅक, चढणीसाठी पांडवलेणीच्या पायऱ्या सोयीच्या. वेळ, वाट व फेरीची दिशा रोज तीच ठेवावी. गर्दीची व भोंग्यांची वेळ टाळावी.