परसातला डेक, कूलरचं पाणी आणि डब्ल्यूपीसी

गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या सुट्टीत पाहुणे आले होते, संध्याकाळी सगळे मागच्या डेकवर शेंगा फोडत बसलेले, आणि बोलता बोलता मावशीच्या खुर्चीचा एक पाय फळीत रुतला. कडकट्ट आवाज वगैरे काही नाही, ओल्या मातीत जावा तसा नुसता आत गेला. मावशी पडली नाही हे नशीब. पण त्या दिवसापासून घरात एकच विषय, की हे लाकूड काढून टाका आणि ते लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेलं नवीन कॉम्पोझिट बसवा, दुकानात ज्याला डब्ल्यूपीसी (वुड प्लास्टिक कॉम्पोझिट) म्हणतात, पाणी लागत नाही, वाळवी लागत नाही, पॉलिश नको, एकदा बसवा आणि विसरा.

आमचा डेक म्हणजे जुळे सोलापुरातल्या घरामागं पंधरा बाय दहा फुटांचा लाकडी ओटा, चौदा वर्षांपूर्वी केलेला. आजी शेवटपर्यंत त्याला कट्टाच म्हणायची. वर सागवानी फळ्या, खाली लाकडाचाच सांगाडा, एका बाजूला भिंतीला ठोकलेली पट्टी आणि दुसऱ्या बाजूला मातीत गाडलेले चार डांब. फळ्या आता पार राखाडी पडल्यात, मधेमधे चिरा, आणि बघणारा प्रत्येक जण हेच म्हणतो की गेलं की हो लाकूड. मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते त्यामुळं मला असं कुणी म्हटलं की आधी मोजून बघायची खोड आहे.

पहिली गोष्ट, राखाडी रंग म्हणजे लाकूड सडलं असं अजिबात नाही. लाकडात सेल्युलोजचे लांब धागे असतात आणि त्यांना धरून ठेवणारा लिग्निन नावाचा डिंकासारखा पदार्थ असतो. उन्हातले अतिनील किरण हे लिग्निन तोडतात, तुटलेला भाग पावसात धुऊन जातो आणि वर उरतात ते फिकट धागे, त्यामुळं चांदीसारखा रंग येतो. पण हे किरण लाकडात एक मिलिमीटरसुद्धा आत जात नाहीत. पाइनसारख्या मऊ लाकडाची अशी झीज १०० वर्षांत साधारण ५-६ मिलिमीटर होते असा ढोबळ हिशोब आहे, सागवान तर त्याहून घट्ट. म्हणजे रंधा मारला की खाली तेच तपकिरी सोनेरी लाकूड. माझ्या मते रंग गेला म्हणून डेक बदलणं म्हणजे केस पांढरे झाले म्हणून गुडघे बदलून घेण्यासारखं आहे.

लाकूड खरं मरतं ते बुरशीनं, आणि बुरशीला जगायला ओल लागते. लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल तर सडवणाऱ्या बुरशीचं काही चालत नाही. आता आपल्याकडची हवा बघा. मे महिन्यात ३८-४० डिग्री आणि हवेत २० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेत ठेवलेलं लाकूड सुकत सुकत ४ टक्क्यांवर येतं. पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली तरी ते हवेतून ओढून ओढून १५-१६ टक्क्यांपर्यंतच जातं. म्हणजे नुसत्या सोलापूरच्या हवेनं लाकूड सडणं अवघडच, कोकणातली गोष्ट वेगळी. जुन्या पेठांमधल्या वाड्यांची माळवदं बघितलीत तर हेच दिसतं, तुळया इतक्या वर्षांनीही ठणठणीत आणि खराब झालीच असेल तर ती गळणाऱ्या जागेखाली, नाहीतर भिंतीत घुसलेलं टोक.

मग आमच्या डेकची फळी का सडली? मी आधी पावसावर संशय घेतला, आपल्याकडं सप्टेंबरात परतीचा पाऊस चांगला बदडतो, पण मग वाकून खाली टॉर्च मारला तेव्हा दिसलं की सडलेला भाग बरोब्बर खिडकीतल्या कूलरच्या खाली आहे. दरवर्षी मार्च ते जून कूलरची टाकी ठिबकते, आम्ही खाली एक डबा ठेवतो, डबा भरून वाहतो, आणि वर्षानुवर्षं तेच पाणी त्याच दोन फळ्यांवर. म्हणजे आमचा डेक भर उन्हाळ्यात सडत होता आणि आम्ही पावसाळ्याआधी प्लास्टिक टाकून समाधान मानत होतो!

त्यात बोअरचं जड पाणी. कूलरमधून पाणी उडून जातं पण क्षार मागं राहतात, त्यामुळं ठिबकणारं पाणी बोअरपेक्षाही खारट होत जातं. अशा पाण्यात लोखंडी स्क्रू पटापट गंजतात, आणि गंजातलं लोखंड लाकडातल्या टॅनिनशी मिळून ते काळेनिळे डाग पाडतं जे आपल्याला बुरशी वाटतात. डाग वरवरचा असतो, पण स्क्रूभोवतीचं लाकूडही गंजासोबत हळूहळू कमजोर होतं आणि मग स्क्रू हातानं फिरतो. आमचे सहा स्क्रू असे बोटानं निघाले.

तर बदलायची वेळ आली का हे कळायला वरून बघून उपयोग नाही, खाली शिरायला लागतं. एक जाडसर स्क्रूड्रायव्हर घ्यायचा आणि टोचत जायचं. कुठं टोचायचं तर जिथं पाणी थांबतं तिथं, म्हणजे फळी आणि तुळईच्या सांध्यात, तुळईच्या टोकांना, भिंतीच्या पट्टीला, आणि डांब जमिनीत शिरतो त्या जागी. टोकांचं कारण असं की झाडात पाणी वर चढवणाऱ्या नळ्या लांबीच्या दिशेनं असतात, लाकूड कापलं की त्या नळ्यांची तोंडं टोकाला उघडी पडतात, त्यामुळं टोक पाणी पितं ते फळीच्या अंगापेक्षा कितीतरी पट जास्त. आणि डांबाचं कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, कुंपणाचा डांब मोडतो तो जमिनीलगत, कारण बुरशीला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. वर हवा आहे पण ओल नाही, खोल ओल आहे पण हवा कमी, मातीच्या तोंडाशी मात्र दोन्हीची सोय.

चांगल्या लाकडात स्क्रूड्रायव्हर जेमतेम रुततो, आणि एखादी चिपटी उचकटली तर लांब धागा निघतो, तुटताना आवाज येतो. सडलेल्यात तो बोटभर आत जातो आणि चिपटी बिस्किटासारखी आखूड तुटते, आवाज न करता. लाकूड गडद तपकिरी होऊन त्याला चौकोनी तडे पडले असतील तर बुरशीनं सेल्युलोज खाल्लंय, म्हणजे ताकदच खाल्लीय, वरून फळी शाबूत दिसली तरी. वाळवीचं लक्षण वेगळं, डांबावरून किंवा भिंतीवरून चढणाऱ्या मातीच्या पेन्सिलीएवढ्या जाड नळ्या. एक नळी फोडून ठेवायची, दोन दिवसांत परत बांधली तर वाळवी आत आहे.

आमच्याकडं निकाल असा लागला की वरच्या चोवीस फळ्यांपैकी तीन गेलेल्या, खालच्या सात तुळयांपैकी चार गेलेल्या, आणि दोन डांब जमिनीलगत पोकळ. मेस्त्रींनी तुळईचा एक तुकडा तोडून दाखवला, सालीजवळचा पांढरा भाग भुसा झालेला आणि मधला गाभा तसाच टणक. सागवान सागवान म्हणून आपण मिरवतो पण टिकतो तो गाभा, कारण झाड त्यात कीड-बुरशीला न मानवणारी रसायनं साठवतं. पांढऱ्या भागात ती नसतात, सागाचा असला तरी तो साध्या लाकडासारखाच सडतो. खाली दिसत नाही म्हणून तिथं पांढरं खपवलं होतं. कुणी ते सांगत नाही, पैसे तर आम्हीच दिले होते.

आता डब्ल्यूपीसी. हे म्हणजे लाकडाचा भुसा, आपल्या देशात बऱ्याचदा भाताचं तूस, प्लास्टिकमध्ये कालवून गरम करून साच्यातून काढलेली फळी. १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत वाया गेलेल्या प्लास्टिक पिशव्या आणि भुसा एकत्र करून डेकच्या फळ्या करायला सुरुवात झाली, ट्रेक्स कंपनी १९९६ सालची. तिथं घरोघरी मागच्या दारी लाकडी डेक असतो, आणि २००३ संपताना आर्सेनिक घालून टिकवलेलं लाकूड घरगुती कामात वापरणं बंद झालं, मग लोक पर्याय शोधणारच. भुशाच्या कणांभोवती प्लास्टिक असल्यानं पाणी फार हळू शिरतं, वाळवीलाही खायला नीट मिळत नाही, हे दुकानदार सांगतो ते बरोबरच आहे.

पण तो जे सांगत नाही ते सोलापुरात जास्त महत्त्वाचं आहे. एक म्हणजे ऊन. प्लास्टिक तापल्यावर लांब होतं, आणि त्यात भुसा घातला तरी डब्ल्यूपीसी दर डिग्रीला साध्या लाकडाच्या साधारण दहा पट लांब होतं. आठ फुटी फळी धरा, जानेवारीत सकाळी १५ डिग्री आणि मे महिन्यात दुपारी फळीचा पृष्ठभाग ६५ डिग्री, फरक ५० चा, तर ती जवळपास ५ मिलिमीटर वाढते. सागवान याच हिशोबानं अर्धा मिलिमीटर. सागवानाचा त्रास वेगळा, ते पावसात रुंदीला फुगतं, चार इंची फळी दीड-दोन मिलिमीटर. म्हणजे लाकूड पावसात रुंद होतं आणि डब्ल्यूपीसी उन्हात लांब होतं, दोघांनाही जागा सोडायला लागते पण वेगवेगळ्या बाजूला, आणि आपल्या मेस्त्रींना सवय टोकाला टोक घट्ट भिडवायची. तसं केलं तर एप्रिलमध्ये फळ्या मधून उचलतात.

दुसरं, पाय भाजणं. एकाच उन्हात ठेवलेल्या दोन वस्तूंचं तापमान सारखं असलं तरी एक जास्त भाजते, कारण किती भाजणार हे ती वस्तू पायाला किती वेगानं उष्णता देते त्यावर ठरतं. घनता, उष्णता वाहून नेण्याची क्षमता आणि उष्णता धरण्याची क्षमता यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं की हा वेग कळतो. सागवानाचा आकडा १ धरला तर डब्ल्यूपीसीचा साधारण २ येतो आणि शहाबादी फरशीचा ५. म्हणजे शहाबादीपेक्षा बरंच, पण सागवानासारखं नाही, आणि गडद कॉफी रंग घेतला, जो सगळ्यांना आवडतो, तर तो तापतोही जास्त. दुकानातून नमुन्याचा तुकडा फुकट मिळतो, तो आणि सागवानाचा तुकडा मे महिन्यात दुपारी दोनला गच्चीवर तासभर ठेवा आणि तळहात लावून बघा. कोविडमधली ती कपाळाला लावायची गन यासाठी चालत नाही, ती अंगाच्या तापापुरतीच असते, मी करून बघितलं, नुसतं एरर.

तिसरं, ताकद. डब्ल्यूपीसीचा ताठपणा सागवानाच्या तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. फळीचा झोल आधारांमधल्या अंतराच्या घनाप्रमाणे वाढतो, त्यामुळं तेवढ्याच जाडीच्या फळीला झोल तितकाच ठेवायचा तर अठरा इंचांवरचे आधार साधारण बारा इंचांवर आणायला लागतात. म्हणजे जुन्या सांगाड्यावर नुसत्या नवीन फळ्या टाकून भागत नाही, खाली तुळया वाढवायला लागतात. आणि आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून डेकवर बॅरल असतोच. भरलेला दोनशे लिटरचा बॅरल म्हणजे दोनशे किलो, तेही वर्षभर एकाच जागी. प्लास्टिक सततच्या वजनाखाली, त्यातही गरम असताना, सावकाश वाकत जातं आणि वजन काढलं तरी पूर्ण सरळ होत नाही. बॅरल ठेवायचा असेल तर तो जमिनीवरच बरा, डेक कशाचाही असो.

अजून एक, आपल्याकडच्या दुकानांत डब्ल्यूपीसी म्हणून जे दारं, चौकटी आणि किचन ट्रॉल्यांसाठी विकतात ते बहुतेक पीव्हीसीचं फुगवलेलं, हलकं बोर्ड असतं. ते डेकचं नाही. डेकची फळी हातात घेतली की जड लागते, एकतर भरीव असते नाहीतर आत कप्पे असतात, आणि चांगल्या फळीवर बाहेरून प्लास्टिकचा वेगळा थर असतो. कप्प्यांची असेल तर टोकं टोपी लावून बंद करायची, नाहीतर आत पाणी आणि मुंग्या. ओरखडा पडला तर तो राहतो, रंधा मारून नवं करायची सोय यात नाही.

हे सगळं घरात मांडलं तेव्हा भाऊ म्हणाला, ताई, मग तुझं म्हणणं काय, बदलायचं की नाही? माझं म्हणणं असं की सांगाडा गेलाय, तो बदलायचा, वर काय टाकायचं हा नंतरचा प्रश्न. भिंतीची पट्टी, डांब किंवा निम्म्या तुळया सडल्या असतील तर दुरुस्ती करत बसू नये, पट्टी भिंतीतून सुटली तर अख्खा डेक माणसांसकट खाली येतो. सांगाडा चांगला असेल आणि दोन-चार फळ्याच गेल्या असतील तर तेवढ्याच बदलाव्यात. आणि ज्यांचा डेक सावलीत आहे, कायम ओला राहतो, झाडाखाली आहे, किंवा ज्यांना दर एक-दोन वर्षांनी तेल लावायला जमणार नाही त्यांनी डब्ल्यूपीसीच घ्यावं, तिथं ते खरंच फायद्याचं आहे. आमचा डेक पश्चिमेला उघडा, चार वाजेपर्यंत ऊन खातो.

शेवटी खाली जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपचा सांगाडा केला, डांब मातीत न गाडता सिमेंटच्या ठोकळ्यावर पत्र्याचा बूट घालून उभे केले, वर त्याच एकवीस जुन्या फळ्या रंधा मारून, आणि कूलरखालच्या तीन जागी डब्ल्यूपीसी, तेवढ्यापुरते आधार जवळ घेऊन. कूलरला पाइप जोडून ठिबकणारं पाणी चिक्कूच्या आळ्यात सोडलं होतं, पण खारट पाण्यानं चिक्कूची पानं कडेनं करपायला लागली म्हणून आता ते थेट मोरीत जातं. मेस्त्रींनी त्या तीन फळ्या सवयीनं भिंतीला घट्ट भिडवल्याच होत्या, मी काढायला लावल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, चहा संपवला, आणि फटीत ठेवायला खिशातून पाच रुपयांची दोन नाणी काढून विचारलं, "मॅडम, एवढं बास का?"