मेलामाइन : ताटलीतून दुधाच्या डब्यात

सप्टेंबर २००८ मध्ये चीनमधून बातमी आली की तान्ह्या बाळांना मुतखडे होत आहेत. ज्या बाळाने दुधाशिवाय काही तोंडात घेतलेलं नाही, त्याला मुतखडा! कारण निघालं मेलामाइन. याच्याच न फुटणाऱ्या रंगीत ताटल्या आपल्या घरात असतात आणि सनमायकाचा वरचा चकचकीत थरही याच्या रेझिनचा असतो. ते बाळाच्या दुधात गेलं कसं, याचं उत्तर दूध तपासण्याच्या पद्धतीत दडलेलं आहे.

युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३४ मध्ये मेलामाइन पहिल्यांदा बनवलं. पुढची जवळजवळ शंभर वर्षं त्याचा फारसा उपयोग कुणाला सापडला नाही. १९३० च्या दशकात फॉर्माल्डिहाइडशी संयोग करून त्याचं कठीण, उष्णता सोसणारं प्लास्टिक बनू लागलं आणि मागणी वाढली. आता ते मुख्यतः युरियापासून तयार करतात. दिसायला पांढरी भुकटी. रेणूत कार्बनचे ३, हायड्रोजनचे ६ आणि नायट्रोजनचे ६ अणू, म्हणजे वजनाच्या सुमारे ६६ टक्के नुसता नायट्रोजन. सगळा अनर्थ या आकड्यातून झाला.

कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, बिअरच्या धान्यातली प्रथिनं मोजण्याच्या गरजेतून, योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये एक पद्धत मांडली. नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, त्यातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात बाहेर काढून मोजायचा आणि त्याला एका ठरावीक आकड्याने गुणून प्रथिनं काढायची. दुधासाठी तो आकडा ६.३८. पद्धत स्वस्त, भरवशाची, म्हणून जगभर रुळली. पण ती प्रथिनं मोजतच नाही, नायट्रोजन मोजते. तो कुठून आला हे तिला कळत नाही. गणित करून पाहा : १ ग्रॅम मेलामाइन या चाचणीत सुमारे सव्वाचार ग्रॅम प्रथिनं म्हणून दिसतं. दुधात पाणी घातलं की प्रथिनांचा आकडा घसरतो. तो परत वर आणायला ही भुकटी पुरे.

खरं तर इशारा आधीच मिळाला होता. २००७ मध्ये चीनहून गेलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये (गव्हातल्या प्रथिनात) मेलामाइन सापडलं होतं आणि ते घातलेलं खाद्य खाऊन अमेरिकेतली कुत्री-मांजरं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली होती. पुढच्याच वर्षी चीनमधल्या शिज्याच्वांग शहरातल्या सानलू कंपनीची दूधभुकटीतली भेसळ उघड झाली, मग आणखी २१ कंपन्यांची. जवळपास ३ लाख बाळं बाधित झाली, ६ दगावली.

उंदरांवरच्या चाचण्यांत मेलामाइनची तात्काळ विषारीता साध्या मिठाच्या जवळपास दिसते, आणि शरीरात गेलेलं बरंचसं मेलामाइन न बदलता लघवीवाटे निघून जातं. घात होतो तो लघवीत. युरिक आम्लाशी (त्या कुत्र्या-मांजरांत सायन्युरिक आम्ल या मेलामाइनच्या जवळच्या रसायनाशी) जुळून त्याचे न विरघळणारे स्फटिक बनतात आणि मूत्रपिंडाच्या बारीक नलिका तुंबतात. बाळांच्या लघवीत युरिक आम्ल जास्त असतं आणि भुकटीच्या दुधावरचं बाळ दिवसभर तेच पितं. म्हणून फटका त्यांनाच बसला.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २००८ मध्ये रोज, शरीराच्या दर किलो वजनामागे ०.२ मिलिग्रॅम ही सह्य मर्यादा सुचवली. २०१० मध्ये कोडेक्स या अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेने बाळांच्या दूधभुकटीत किलोला १ आणि इतर अन्नात २.५ मिलिग्रॅम अशी कमाल मर्यादा घातली. भारताने २००८ पासूनच चिनी दुग्धपदार्थांची आयात बंद केली.

ताटल्या मात्र फेकून द्यायची गरज नाही. थंड किंवा कोमट पदार्थांना त्या चालतात. उकळती, चिंच-कोकमाची आंबट आमटी त्यात वाढली तर थोडं मेलामाइन पाझरतं, तेव्हा तिच्यासाठी स्टील बरं. मायक्रोवेव्हमध्ये तर त्या मुळीच ठेवू नयेत.

आपल्या दूध संकलन केंद्रांवर भाव फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधातल्या बाकीच्या घन पदार्थांवर) ठरतो. पाणी घातलेल्या दुधाचा एसएनएफ फुगवायला युरिया वापरतात, तिथेही हीच चाल आहे. युरिया दुधात निसर्गतः थोडा असतोच, म्हणून तो नुसता सापडणं पुरेसं नाही, किती आहे ते मोजावं लागतं. भारतात त्याची मर्यादा १०० मिलिलिटरला ७० मिलिग्रॅम आहे.